मागचीच यादी

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या गणपती पेठेत किराणा दुकानापुढं उभं राहिलं, की आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्यांच्या याद्या ऐकाव्याच लागतात. परवा तिथल्या पोरानं फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला आणि विचारलं, "वहिनी, मागचंच भरू का?" पलीकडून होकार आला असणार. त्यानं वहीची पानं मागं उलटली, गेल्या महिन्याच्या यादीवर बोट ठेवलं आणि माल काढायला लागला. मोहरी पाव किलो. साबुदाणा एक किलो. बारीक रवा दोन किलो. बघता बघता खोकं भरलं, सुतळीनं बांधलं, वर पेनानं नाव पडलं. भाव कुणी विचारला नाही, कमी-जास्त काही झालं नाही. पोराचं काही चुकलं म्हणता येत नाही. गिऱ्हाइकानं हो म्हटलं, त्यानं भरलं. पण ती पाव किलो मोहरी काही डोक्यातून जाईना.

चौघांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून दोन-तीन फोडण्या होतात. एका फोडणीला अर्धा चहाचा चमचा मोहरी, म्हणजे दीड-दोन ग्रॅम. महिनाभराचं गणित सव्वाशे ग्रॅमच्या आसपास थांबतं. म्हणजे 'मागचंच' म्हणणाऱ्या घरात दर महिन्याला तितकीच मोहरी शिल्लक राहते आणि वर्षाकाठी दीड किलो साठते. मोहरीचे पैसे ते किती! पण यादीतली प्रत्येक ओळ अशीच असते. साबुदाणा श्रावणात संपतो, तो पुढंही किलोनंच येत राहतो. रवा दिवाळीच्या महिन्यात दोन किलो लागला, तो पौषातही दोन किलोच येतो आणि संक्रांतीपर्यंत त्याला जाळ्या धरतात. मग तो चाळायचा, निवडायचा, नाक मुरडत एकदा शिरा करायचा आणि उरलेला गुपचूप टाकायचा. खर्च कमी करायचा म्हटलं की सगळे भावाकडं बघतात. आपल्या घराला किती लागतं, हा आकडा मात्र बहुतेक घरांत कुणालाच ठाऊक नसतो.

तो काढायला फार काही लागत नाही. कागदी चिकटपट्टीचा तुकडा डब्याच्या बुडाला लावायचा आणि नवं पाकीट ओतलं त्या दिवसाची तारीख त्यावर टाकायची. डबा संपला की दिवस मोजायचे. गॅसच्या टाकीला हेच: १४.२ किलोची टाकी जोडली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण. तूरडाळ, तेल, साखर, चहा पावडर, शेंगदाणे, तांदूळ, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, एवढ्या आठ गोष्टींच्या तारखा ठेवल्या तरी पुरतं, कारण महिन्याच्या बिलातला मोठा हिस्सा याच खातात. श्रावण, गणपती आणि दिवाळीचे महिने धरू नयेत. पाहुणे आलेला आठवडाही सोडून द्यावा. साधे तीन महिने मोजले की घराचा खरा आकडा कळतो, आणि तो बहुतेक वेळा यादीतल्या आकड्यापेक्षा कमी निघतो. आणि यादी करायची ती फडताळाची दारं उघडी ठेवून, प्रत्येक डबा हलवून. दुकानात उभं राहून केलेली यादी दुकानाच्या सोयीची होते. समोर जे दिसतं ते आठवतं. घरात काय उरलंय, ते नाही.

तेलाचं जरा बारकाईनं बघण्यासारखं आहे. माणशी दिवसाला वीस ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला अडीच किलोच्या आत तेल पुरायला हवं. बऱ्याच घरांत चार-पाच पिशव्या जातात. भाजी-आमटीत एवढं तेल जात नाही. जातं ते तळणात, आणि त्याहून जास्त तळून उरलेल्या तेलात. चार पापड आणि वाटीभर कुरड्यांसाठी कढई अर्धी भरायची, मग ते तेल 'भाजीला वापरू' म्हणून बाजूला ठेवायचं आणि आठवड्यानं वास येतो म्हणून ओतून द्यायचं. तळणाला लहान, खोलगट कढई घेतली तर पाव लिटरात भागतं. उरलेलं तेल निवल्यावर फडक्यातून गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवायचं. तळाशी बसलेली पिठाची काजळी तशीच राहिली की तेल लवकर खवट होतं. खरेदीचंही एक आहे. पूर्वी पिशवी म्हणजे एक लिटर, म्हणजेच साधारण ९१० ग्रॅम, हे ठरलेलं. आता शेजारी शेजारी ठेवलेल्या सारख्याच दिसणाऱ्या पिशव्यांत एकात ९१०, दुसरीत ८५०, तिसरीत ८०० ग्रॅम भरलेलं असतं आणि दहा रुपयांनी स्वस्त दिसणारी पिशवी खरं तर महाग पडते. डब्यांत तर याहून मोठी गंमत. १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा दिसायला भाऊ-भाऊ, पण १५ लिटर तेल भरतं साडेतेरा किलोच्या थोडंसं वर. दिवाळीआधी 'डब्याचा भाव काय' एवढंच विचारून येणाऱ्याला हा सव्वा किलोहून जास्तीचा फरक कुणी आपण होऊन सांगत नाही.

पाकिटावर आता दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला किती पडतात, हेही छापलेलं असतं. बारीक अक्षरात, एमआरपीच्या आसपास. ते वाचायची सवय लागली की बरेच समज गळून पडतात. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हा त्यातला पहिला. शांपूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या मिलिलिटरच्या हिशेबानं बऱ्याचदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त निघतात, आणि पुडीत माप आयतंच असल्यामुळं वापरही आवरतो. चहा पावडर आणि कपड्यांच्या पावडरीत मात्र मोठं पाकीटच परवडतं. डाळ-तांदळात आणखी एक कंगोरा आहे. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्ट्या मालावर तो नाही, आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. तांदळाची २६ आणि ३० किलोची पोती बाजारात दिसायला लागली त्यामागं हेच आहे. दोन घरांनी मिळून ३० किलोचं पोतं घेऊन वाटून घेणं म्हणूनच सोयीचं पडतं. उलट २२ सप्टेंबर २०२५ ला अंगाचा साबण, टूथपेस्ट, शांपू यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. 'मागचंच भरा' म्हणणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, वाढलेलंही नाही आणि उतरलेलंही नाही.

मंडईत सगळं उलटं. तिथं यादी नसते, डोळे असतात.

आठवडा बाजारात कोथिंबिरीच्या पेंडीवरून पाच रुपयांची घासाघीस तावातावानं होते. पेंडी दहाला मिळाली की जिंकल्यासारखं वाटतं आणि त्याच भरात मेथीच्या दोन, पालकाची एक, शेपूची एक अशा पेंड्या पिशवीत पडतात. मेथी दोन दिवसांत पिवळी, पालक तिसऱ्या दिवशी चिकट. बुधवारी यातली निम्मी भाजी कचऱ्याच्या डब्यात जाते, तेव्हा ते वाचवलेले पाच रुपये कुठं गेले हे कुणी विचारत नाही. भाजीचा खर्च उतरवायचा तर ती कोणत्या क्रमानं संपवायची हे आधी ठरवावं लागतं. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी. मग दोन दिवस भेंडी, गवार, वांगी, दोडका. त्यानंतर कोबी, दुधी, लाल भोपळा. शेवटच्या दोन दिवसांत बटाटा आणि मोड आलेली कडधान्यं. एका आठवड्याला चौघांना दोन पेंड्या पालेभाजी पुष्कळ झाली. मोह झाला तरी तिसरी घेऊ नये. कोथिंबीर धुऊन ठेवली की सडते. मुळं कापून, पिवळी पानं काढून, कोरडीच सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडा जातो. मिरच्यांची देठं काढून ठेवायची, कारण मिरची कुजायला लागते ती देठाकडून. टोमॅटो पिकलेले निम्मे आणि कच्चट निम्मे घ्यावेत, सगळे लालभडक घेतले तर सगळे एकाच दिवशी मऊ पडतात.

भाव विचारताना निवडल्यावर उरतं किती, हेही मनात धरायला हवं. मेथीची पेंडी निवडल्यावर वजनानं निम्मीच राहते. मटाराच्या किलोभर शेंगांतून दाणे निघतात चारशे-साडेचारशे ग्रॅम. पाल्यासकट तोललेला फ्लॉवर घरी येतो तेव्हा त्याचा तिसरा हिस्सा गाईला जातो. लाल भोपळा आणि कोबी यांत असं फारसं काही वाया जात नाही, आणि मटकी-हुलग्यात तर उलट भर पडते: किलोभर मटकी भिजून मोड येईपर्यंत दोन किलोच्या वर भरते. अंधार पडताना बाजार उतरतो, हे खरंच. उरलेला माल परत न्यायचा तर भाडं अंगावर बसतं, म्हणून शेवटच्या तासात वाटे मोठे होतात. पण तो वाटा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी शिजणार असेल तरच घ्यावा. वाट्याच्या वर ताजी वांगी आणि खाली दुपारी उन्हात तापलेली, हे गृहीतच धरायचं.

आणि पंचांगावरही नजर हवी. पितृपंधरवड्यात गवार, भेंडी, कारली, भोपळा यांचा भाव चढतो, कारण नैवेद्याच्या पानात त्याच भाज्या लागतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी फळं आणि फुलं, नवरात्रात केळी आणि भगर. ज्या घरात पक्ष नसेल त्यांनी त्या पंधरवड्यात उसळी कराव्यात आणि हौस असेल तर गवार नंतर खावी. पौष-माघात मात्र मटार, गाजर, पालेभाज्या मातीमोल होतात. तेव्हा मटार सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, लगेच गार पाण्यात काढून, पुसून फ्रीजरमध्ये टाकले तर उन्हाळाभर पुरतात. नुसते सोलून ठेवले की महिन्याभरात रंग आणि गोडी दोन्ही जाते.

शाळूची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, गोष्ट निराळी. एके काळी गहू सणाला आणि जोंधळा रोजचा, कारण जोंधळा स्वस्त. आता चांगला मालदांडी शाळू गव्हापेक्षा महाग आहे, आणि 'भाकरी खा, काटकसर करा' हा जुना उपदेश हिशेबात बसत नाही. किलोभर पिठाच्या नऊ-दहा भाकरी होतात, तेवढ्याच कणकेच्या तीसेक चपात्या. तरीही भाकरी परवडते ती वेगळ्या कारणानं: भाकरीबरोबर पिठलं, खर्डा, दही, नुसती शेंगदाण्याची चटणी चालते, चपातीबरोबर मुलं भाजी मागतात, आणि तीही तेलाची. ज्यांच्या घरी दोन्ही आवडतं त्यांनी आठवड्याची ताटं ठरवताना हे ध्यानात घ्यावं. दळण मात्र आठवड्याचंच काढावं. ज्वारीचं पीठ दहा-बारा दिवसांच्या वर गेलं की विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि मग ते पीठ धिरड्यांत नाहीतर थालीपीठात जिरवावं लागतं. पावसाळ्यात तर पाच दिवसांचंच दळावं. एकदम दहा किलो दळून आणून गिरणीची खेप वाचवायला जावं, तर उरलेलं पीठ कडू होतं.

वर्षाची बेगमी हा इथल्या घरांचा अभिमानाचा विषय. शाळू फेब्रुवारी-मार्चात, गहू मार्च-एप्रिलात, नवी तूरडाळ जानेवारीनंतर, मिरची आणि हळद उन्हाच्या तोंडावर, चिंच शिमग्याच्या आसपास. सुगीत घेतलेलं धान्य श्रावणातल्या भावापेक्षा स्वस्त पडतं यात शंका नाही. पण ते टिकलं तर. गव्हाचा दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मऊ चावला तर त्यात ओल आहे, आणि त्या ओलीवरच टोके, म्हणजे धान्यातले किडे, वाढतात. कडक उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवायचं, आणि भरायचं ते पूर्ण गार झाल्यावर. गरम धान्य पिंपात कोंडलं की आत घाम धरतो आणि महिन्यात वास मारतो. कडुलिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळलेलाच हवा. हिरवा पाला घालणारे स्वतःच्या हातानं ओल घालतात. डाळीला किलोमागं चहाचा चमचाभर एरंडेल चोळलं तर किडे लांब राहतात आणि शिजवण्याआधी धुतलं की ते निघून जातं. दुकानातून मिळणाऱ्या धुरीच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, घरात आणूच नयेत. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि झोपायच्या खोलीतल्या पिंपात गोळी टाकून माणसं दगावल्याच्या बातम्या येतच असतात. धान्य वाचवण्यापेक्षा थोडं कमी घ्यावं, हे शहाणपण इथं कामाला येतं.

सांगलीत तर कमी घ्यायला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कृष्णा. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद वर्षानुवर्षं साठवायची रीत होती. ती पेवं २००५ च्या महापुरात पाण्यानं भरली आणि त्यातली बहुतेक कायमची गेली. व्यापाऱ्यांच्या पेवांचं जे झालं तेच २०१९ च्या ऑगस्टात घराघरातल्या कणग्यांचं आणि पिंपांचं झालं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी चढलं ५७ फुटांच्या वर. तळमजल्यावर भरून ठेवलेले गहू, शाळू, तांदूळ भिजून फुगले, पिंपं आतून आंबली, आणि नंतर आठवडाभर गल्लीगल्लीत तो आंबूस वास होता. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा. ज्यांची घरं गावठाणात नदीच्या बाजूला आहेत त्यांना पन्नास-साठ किलोच्या वर धान्य तळमजल्यावर ठेवणं परवडत नाही, भाव कितीही पडलेला असो. चौघांच्या घराला गहू आणि शाळू मिळून महिन्याला बारा-पंधरा किलो लागतं. म्हणजे पन्नास किलो घेतलं तर साडेतीन-चार महिने जातात. मार्चात भरलेलं जूनअखेर बरंचसं संपतं आणि पुराच्या दिवसांत पिंपं हलकी असतात. वर उचलायची वेळ आली तर दोघांना उचलता येतात. विश्रामबागेकडच्या, उंचावरच्या घरांनी हवं तर वर्षाचं भरावं. मात्र उसनवारी करून किंवा कार्डावर पैसे काढून बेगमी करू नये, त्यात भावातला फायदा व्याज खाऊन टाकतं. कांद्याचंही तेच. उन्हाळी कांदा, पातळ मानेचा आणि सुकलेल्या पापुद्र्याचा, पंधरा-वीस किलोपर्यंत हवेशीर जागी पसरून ठेवावा. त्याहून जास्त घेतला तर चार-पाच महिन्यांत सुकून, सडून आणि कोंब येऊन बराच कांदा हातचा जातो. आणि खरीपातला लाल कांदा स्वस्त मिळाला तरी साठवायला नको, त्याच्यात टिकायची ताकदच नसते.

हळदीचा विषय निघालाच आहे तर, जिथली हळद २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसली, त्या गावात लोक शंभर ग्रॅमचं हळदीचं पाकीट घेतात, याचं नवल वाटतं. चौघांच्या घराला वर्षाला किलो-सव्वा किलो हळद पुरते. मार्केट यार्डाच्या आसपास हळकुंड मिळतं. मोडून बघायचं, आतून गर्द नारिंगी-पिवळं आणि खणखणीत हवं. आतून फिकं किंवा भुसभुशीत असेल तर जुनं. दोन दिवस उन्हात ठेवून गिरणीत दळून आणलं की वर्षाची बात मिटली, आणि त्यात पिठाची भेसळ असेल का हा प्रश्नही मिटला.

चटणीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आठवड्याच्या ताटाचा खर्च उतरवायला या घरांत तिच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. घरात कांदा-लसणाची चटणी असली की आमटी, उसळ, रस्सा, अगदी तेल घालून भाकरीबरोबरसुद्धा भागतं; पाकिटातले चार निराळे मसाले आणावे लागत नाहीत. दिवसाला पंधरा ग्रॅम धरली तर वर्षाला साडेपाच किलो. किलोभर मिरचीची चटणी होते अडीच किलोच्या आसपास, म्हणजे दोन किलो मिरची पुरे, थोडी हात राखून. रंगासाठी निम्मी ब्याडगी, तिखटपणासाठी निम्मी लवंगी किंवा गुंटूर. देठं काढल्यावर किलोमागं शंभरेक ग्रॅम घट येते, ती धरूनच भाव करावा. किलोभर मिरचीला पाऊण किलो कांदा, पाव किलो लसूण, तीनशे ग्रॅम सुकं खोबरं, पाव किलो धणे, शंभर ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम जिरे, शंभर ग्रॅम खडा मसाला आणि पाव किलो मीठ. घराघरातलं प्रमाण यापेक्षा थोडं इकडं-तिकडं असतं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. कुणाशी वाद घालू नये.

बिघडतं ते कांद्यात. कांदा पातळ चिरून आधी दोन दिवस उन्हात सुकवावा आणि मग मंद आचेवर तळावा. हातात घेतल्यावर तो कुरकुरीत मोडला पाहिजे. कडा तपकिरी पण मध्ये मऊ राहिला, तर ती ओल बरणीत जाते आणि आषाढात चटणीवर पांढरी बुरशी उठते. खोबरं जास्त झालं की चटणी खमंग लागते, पण पावसाळा सरेपर्यंत खवट होते. म्हणून ज्यांना वर्ष काढायचंय त्यांनी खोबऱ्यावर हात आखडावा आणि लागेल तसं ताजं वाटण वेगळं करावं. मीठ कमी पडलं तरी टिकत नाही. 'आमच्यात मीठ कमी खातात' म्हणून चटणीतलं मीठ कमी करू नये, आमटीत घालताना कमी घालावं. चटणी कुटायच्या डंकावर एप्रिलमध्ये रांग असते; सकाळी गेलं तर डंक आधीच्या मसाल्यानं माखलेला नसतो. कुटून आल्यावर चटणी गरम असते. ती ताटात पसरून निववावी, मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावी, वर हिंगाचे खडे आणि मिठाचा थर. रोजच्याला लहान बाटली वेगळी काढावी, म्हणजे बरणीत ओला चमचा जात नाही. बरणी उजेडात ठेवली तर रंग उडतो, तो चटणी खराब झाल्यामुळं नव्हे, उजेडामुळं.

रविवारच्या मटणाबद्दल उपदेश करायची या जिल्ह्यात कुणाची छाती नाही. पण अर्धा किलोत पाचजण जेवतात ते रश्श्यामुळं, हे इथल्या स्वयंपाकाला फार पूर्वीच कळलेलं आहे. नळी, चाप, थोडं चरबीचं असं मिसळून घेतलं तर रश्श्याला अंग येतं. नुसते मऊ तुकडे मागितले तर भाव तोच, रस्सा पाणचट. उरलेल्या तांबड्या रश्श्यात सोमवारी अंडी सोडली की दुसऱ्या दिवसाचंही निभतं. अर्थात ज्यांच्याकडं सोमवार चालतो त्यांच्यापुरतं.

दुधावर कात्री चालवू नये. अंडी, डाळ आणि शेंगदाण्यांवरही नाही. मुलांचं अंग त्यातूनच भरतं. पण दुधाची साय वाया जाऊ देऊ नये. म्हशीचं रोज लिटरभर दूध येत असेल तर आठवड्याच्या सायीचं दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. साय फ्रीजरमध्ये साठवायची. नुसती फ्रीजमध्ये दहा-बारा दिवस राहिली की कडवट होते आणि तूपही कडू निघतं. विरजण लावून, गार पाणी घालून घुसळलं की लोणी गोळा होऊन वर येतं. उन्हाळ्यात पाण्यात बर्फाचे खडे टाकले नाहीत तर लोणी विरघळल्यासारखं होऊन ताकातच राहतं, आणि मग यंदा दुधाला कस नाही म्हणून गवळ्याला बोल लागतो.

साखरेचा हिशेब बऱ्याचजणांना करावासा वाटतो, कारण तो सोपा आहे. आठ कप चहा, कपाला आठ ग्रॅम, महिन्याला एकोणीसशे ग्रॅम. कपाला सहा ग्रॅमवर आणली तर महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास साखर वाचते. तब्येतीला बरं, पण पैशात बघितलं तर वीस-पंचवीस रुपये. एवढ्यासाठी सासऱ्यांच्या चहात हात आखडून घरात महिनाभर धुसफूस ओढवून घेण्यात अर्थ नाही. चहाबरोबर जे येतं तिकडं बघावं: खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं, पाकीटबंद फरसाण. हे किराण्याच्या यादीत नसतं. येता-जाता, फोनवरून पैसे देऊन, वीस-तीसच्या तुकड्यांत येतं आणि महिन्याला तेलाच्या बरोबरीनं पैसे नेतं. शनिवारी रात्री फोनमधला आठवड्याचा हिशेब उघडून अशा ओळींवर बोट फिरवलं तरी अंदाज येतो.

त्याच्या जागी सांगलीत भडंग आहेच. अर्धा किलो भडंगाचे जाड चुरमुरे उन्हात तासभर ठेवावेत किंवा कढईत कोरडे परतावेत, नाहीतर तेल लागताच ते चामट होतात. वाटीभर तेलात दीड वाटी शेंगदाणे मंद तळावेत, ते बाजूला काढून त्याच तेलात ठेचलेल्या लसणाच्या दोन गड्ड्या आणि मूठभर कढीपत्ता कुरकुरीत होईस्तोवर ठेवावा. गॅस बंद केल्यावर मिनिटभर थांबून मगच चटणी, हळद, मीठ, चिमूट पिठीसाखर घालायची. तापल्या तेलात चटणी टाकली की करपते, आणि करपलेली चटणी काही केल्या झाकत नाही. चुरमुरे घालून खालीवर करत राहावं आणि पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं. पंधरा दिवस कुरकुरीत राहतं असं म्हणतात खरं. पण शाळेतून येणारी दोन मुलं घरात असतील तर अर्धा किलो चार दिवसांच्या वर टिकत नाही, तेव्हा चुरमुरे एकदम किलोभरच आणावेत.